कपिंग करून घेण्याआधी: आपल्याच तुंबडीची गोष्ट

क्रेगीबर्नमध्ये राहत असाल तर 'कपिंग' ही पाटी तुम्हाला नवीन नाही. मसाजच्या दुकानात ती असते, चिनी औषधवाल्यांकडे असते, काही फिजिओंच्या यादीतही असते. आपल्या भागात अरबी, तुर्की आणि दक्षिण आशियाई मुस्लिम कुटुंबं बरीच असल्यामुळे 'हिजामा' या नावानेही ती भेटते. मेलबर्न शहरापासून पंचवीसेक किलोमीटर उत्तरेला राहायचं, रोज ट्रेनच्या शेवटच्या स्टेशनपर्यंत किंवा फ्रीवेवर तासभर बसायचं, वीकेंडला बागेतली माती उपसायची. पाठी आणि माना धरणारच. मग व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतं, "पाठ फार दुखतेय, काय करू?" आणि तिसऱ्या-चौथ्या उत्तरात "कपिंग करून बघ, मला खूप फरक पडला" हे येतंच.

त्या उत्तरानंतर आणि अपॉइंटमेंट घेण्याआधी वाचायचा हा लेख आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. कोरडं कपिंग हा एक प्रकारचा मसाज आहे. मसाज म्हणून घ्या, बरं वाटलं तर खुशाल पैसे द्या, पण उपचार म्हणून त्यावर विसंबू नका. त्वचेला चिरा देऊन रक्त काढणारं कपिंग करू नका. आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना यातलं काहीही करायला नेण्याआधी पुढचं सगळं वाचा, कारण खरी काळजी त्यांची आहे.

कपिंग म्हटलं की आपल्याला ते चिनी किंवा अरबी वाटतं. आपल्या आजीला मात्र त्याचं मराठी नाव ठाऊक होतं: तुंबडी लावणं. गावोगाव फिरणारे वैदू जडीबुटीबरोबर तुंबडी आणि जळवा घेऊन येत. गावातला न्हावीही हे काम करायचा. कातडीवर वस्तऱ्याने बारीक चिरा द्यायच्या, त्यांना 'फासण्या' म्हणत, आणि वर तुंबडी लावून रक्त ओढायचं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात तेराव्या अध्यायात, जळवांच्या प्रकरणातच, याची तीन साधनं दिली आहेत: वातासाठी शिंग, पित्तासाठी जळू आणि कफासाठी अलाबू, म्हणजे वाळवून पोकळ केलेला दुध्या भोपळा. शिंगातली हवा तोंडाने ओढायची, भोपळ्यात पेटता दिवा ठेवायचा. युनानी वैद्यकात हेच 'हिजामत' आहे, कोरडी आणि रक्त काढणारी अशा दोन प्रकारांत. तेव्हा शेजारच्या हिजामाला नाक मुरडणाऱ्या आपल्यातल्या काहींना एवढंच सांगायचंय की ती तुंबडीची सख्खी बहीण आहे. आणि "बघा, आपल्या सुश्रुताला हे आधीच माहीत होतं" म्हणून छाती फुगवणाऱ्यांना हे, की माहीत असणं आणि गुण येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. (तुंबडी आता आपल्याकडे मुख्यतः वाक्प्रचारात उरलीय. कुणाची तुंबडी भरतेय हा प्रश्न कपिंगच्या दहा सेशनचं पॅकेज विकत घेताना जरूर आठवावा.)

आता त्या पेल्यात होतं काय ते पाहू. स्पिरिटचा पेटता बोळा काचेच्या पेल्यात क्षणभर फिरवतात, बाहेर काढतात आणि पेला झटकन पाठीवर टेकवतात. कातडी आत ओढली जाते. शाळेत मेणबत्तीवर ग्लास पालथा घालून पाणी वर चढवण्याचा प्रयोग आपण सगळ्यांनी केलाय, आणि "ज्योतीने ऑक्सिजन खाल्ला म्हणून पाणी वर चढलं" असं उत्तरही लिहिलंय. ते उत्तर बरंचसं चुकीचं आहे. ऑक्सिजन जळतो तेव्हा त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. मुख्य काम उष्णतेचं असतं. तापलेली हवा प्रसरण पावते, तिचा काही भाग बाहेर निसटतो, आणि उरलेली हवा बंद जागेत थंड झाली की तिचा दाब कमी होतो. पेल्यातही हेच.

गणित मांडून बघा. पेला टेकवताना आतली हवा 100 अंश सेल्सियस आहे आणि ती 35 अंशांपर्यंत थंड झाली असं धरू. केल्व्हिनमध्ये 373 वरून 308. दाब त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे 17 टक्क्यांनी उतरेल. पाऱ्याच्या भाषेत हा फरक 130 मिलिमीटरच्या आसपास येतो. पाच सेंटिमीटर व्यासाच्या पेल्यावर याचा जोर साधारण साडेतीन किलो वजनाइतका. प्रत्यक्षात कातडी फुगून आत शिरते आणि आतली जागा कमी होते, त्यामुळे ओढ याहून थोडी कमीच भरेल. पण आपल्या केशवाहिन्यांमधला दाब पाऱ्याच्या 15 ते 35 मिलिमीटरच्या घरात असतो हे लक्षात घेतलं, तर इतक्या ओढीने त्यातल्या काही का फुटतात ते कळतं. हातपंपाचे प्लॅस्टिकचे पेले हेच काम आगीशिवाय करतात, आणि त्यांची ओढ किती ते करणाऱ्याच्या हातात असतं.

केशवाहिन्या फुटल्या की रक्त ऊतींमध्ये झिरपतं आणि ते गोल जांभळे डाग उठतात. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकल फेल्प्सच्या खांद्यावर जगाने पाहिले ते हेच. दाराच्या कडीला दंड आपटल्यावर जे काळंनिळं पडतं त्यात आणि यात जीवशास्त्राच्या दृष्टीने फरक नाही. पुढचे रंगही तेच: हिमोग्लोबिन मोडताना आधी हिरवट बिलिव्हर्डिन, मग पिवळं बिलिरुबिन. "डाग जितका गडद तितकं आत विष जास्त होतं" असं तुम्हाला सांगितलं जाईल. गडद डागाचा अर्थ इतकाच, की ओढ जास्त होती, पेला जास्त वेळ ठेवला होता किंवा तुमच्या केशवाहिन्या नाजूक आहेत. त्या 'विषा'चं नाव विचारून बघा. युरिया असेल तर ते मूत्रपिंडं काढतात. अल्कोहोल किंवा औषधांचे अंश असतील तर यकृत त्यांची विल्हेवाट लावतं. पाठीच्या कातडीकडे यातलं कुठलंच खातं दिलेलं नाही.

रक्त काढण्याच्या कपिंगमध्ये हाच दावा आणखी रंगतदार होतो. पेल्यात जमलेली काळपट, जेलीसारखी गुठळी दाखवून "हे बघा तुमचं खराब रक्त" म्हणतात. शिरेतल्या आणि केशवाहिन्यांमधल्या रक्तात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून ते गडद दिसतं. आणि शरीराबाहेर आलेलं रक्त काही मिनिटांत गोठतं, कारण गोठणं हे त्याचं काम आहे. ती जेली तुमचं रक्त निरोगी असल्याची खूण आहे. जी गोठायला हवी होती आणि गोठली नाही, तिची काळजी करावी.

"पण मला फरक पडला त्याचं काय?" हा प्रश्न रास्त आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. फरक पडतो. प्रश्न हा, की तो कशामुळे पडतो.

एक कारण साधं आहे. माणूस कपिंगला जातो केव्हा? दुखणं अगदी शिगेला पोहोचतं तेव्हा. पाठदुखी चढते आणि उतरते. शिगेनंतर उतार येतोच. जुलैतल्या सगळ्यात गारठलेल्या दिवशी तुम्ही घराभोवती तीन प्रदक्षिणा घातल्यात, तर पुढचे दिवस बहुधा त्याहून उबदार असतील. त्याचं श्रेय प्रदक्षिणांना द्यायचं का? दुसरं कारण: अर्धा तास शांत खोलीत पालथं पडणं, कुणीतरी मायेने पाठीला हात लावणं, "इथे फार ताठ झालंय हं" असं ऐकणं. परदेशात हे सुख कमी मिळतं, आणि वेदनेवर त्याचा खरोखर परिणाम होतो. तिसरं, ओढ आणि ताण यांची संवेदना काही काळ दुखण्याच्या संवेदनेवर मात करते. गुडघा आपटल्यावर आपण चोळतो ते त्याचसाठी.

यातून पेल्याचा स्वतःचा वाटा वेगळा काढायचा तर एकच मार्ग आहे: काहींना खरं कपिंग द्यायचं आणि काहींना लुटुपुटूचं. संशोधकांनी त्यासाठी छान युक्ती काढली. पेल्याला बारीक छिद्र पाडायचं. पेला लागतो, क्षणभर ओढ जाणवते आणि मग दाब निघून जातो. जर्मनीत 2016 मध्ये फायब्रोमायल्जियाच्या 141 रुग्णांवर असा प्रयोग झाला. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत कपिंगवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. इथवर कपिंगची बाजू भक्कम. पण छिद्रवाल्या पेल्यांच्या गटाशी तुलना केली तेव्हा फरक उरला नाही. ब्राझीलमध्ये जुनाट कंबरदुखीच्या 90 रुग्णांना आठ आठवडे, दर आठवड्याला एकदा, खरं किंवा लुटुपुटूचं कोरडं कपिंग दिलं. निष्कर्ष तोच: खरं कपिंग नकली कपिंगपेक्षा सरस नाही. हा अभ्यास 2021 मध्ये ज्या 'जर्नल ऑफ फिजिओथेरपी'त आला ते ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपी असोसिएशनचंच नियतकालिक आहे, म्हणजे ज्यांचे काही सदस्य स्वतः पेले लावतात त्यांचं.

कपिंगच्या बाजूने अभ्यास नाहीत असं नाही. ढिगाने आहेत. 2012 मध्ये चिनी संशोधकांनी 135 चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला आणि नागीण, मुरुमं, मानेचं स्पॉन्डिलोसिस वगैरेंवर उपयोग होऊ शकेल असं म्हटलं. पण त्याच लेखात बहुतेक चाचण्यांची रचना कच्ची असल्याचंही नोंदवलं. मानेच्या आणि कंबरेच्या दुखण्यावर थोडा, तात्पुरता आराम दाखवणारे अभ्यास पुढेही आले. अडचण अशी, की ज्याला पेले लावले त्याला पेले लावलेत हे माहीत असतं. लुटुपुटूचा गट नसलेल्या शंभर चाचण्या त्या असलेल्या दोन चाचण्यांची जागा घेऊ शकत नाहीत.

"तुम्ही लोक फक्त जुन्या उपचारांनाच ही फुटपट्टी लावता" हा आरोप मला माहीत आहे. मेलबर्नचंच उदाहरण घ्या. मणक्याचं हाड ठिसूळ होऊन चेपलं की त्यात सिमेंट भरायचं, ही व्हर्टिब्रोप्लास्टी नावाची अगदी आधुनिक, महागडी प्रक्रिया. रुग्ण सांगायचे, टेबलावरून उठलो तोच दुखणं कमी. मोनॅश विद्यापीठाच्या रेचल बुकबाइंडर आणि सहकाऱ्यांनी 78 रुग्णांवर खऱ्या आणि लुटुपुटूच्या प्रक्रियेची तुलना केली. 2009 मध्ये निकाल छापला: दोन्ही गटांत सारखाच आराम. हाच न्याय तुंबडीला लावलाय, जास्त कडक नाही. आणि याच परीक्षेत जुन्या गोष्टी पासही होतात. त्याच सुश्रुताच्या अध्यायातली जळू आज जोडलेल्या बोटात साचलेलं रक्त काढण्यासाठी शस्त्रक्रियेच्या वॉर्डात वापरतात. अमेरिकेच्या एफडीएने 2004 मध्ये तिला वैद्यकीय साधन म्हणून परवानगी दिली. तिथे ती का उपयोगी पडते हे सांगता येतं आणि दाखवताही येतं.

"गुण नाही तर नाही, पण अपाय तरी काय?" निरोगी तिशीतल्या माणसाला कोरड्या कपिंगचा अपाय फारसा नाही हे मान्य. डाग आठवड्या-दोन आठवड्यांत जातात. पण आगीच्या पेल्याने भाजण्याचे प्रकार वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार नोंदले गेलेत. आग टाळा, पंपाचा पेला मागा. फोड येईपर्यंत पेला ठेवणं ही चूक आहे, 'चांगली प्रतिक्रिया' नव्हे. चिरा देऊन रक्त काढण्यात हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका येतो, तो साधनं आणि हात कितपत स्वच्छ त्यावर ठरतो. आपल्या अनेक बायकांच्या अंगात आधीच लोह कमी असतं. पुन्हापुन्हा रक्त काढल्याने ते आणखी उतरतं. आणि बदल्यात जे मिळतं ते कोरड्या पेल्यापेक्षा जास्त असल्याचा भक्कम पुरावा नाही. म्हणून ते नकोच.

आता आई-बाबांकडे वळू. ते व्हिजिटर व्हिसावर येतात, मेडिकेअर नसतं. भारताशी ऑस्ट्रेलियाचा परस्पर आरोग्य करार नाही, त्यामुळे जीपीचे पूर्ण पैसे खिशातून, नाहीतर इन्शुरन्सशी झटापट. अशा वेळी शॉपिंग सेंटरमधलं कपिंग स्वस्त आणि सोपं वाटतं. पण साठी-सत्तरीतल्या या मंडळींपैकी अनेकांना स्टेंट किंवा बायपासनंतर ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल सुरू असतं, कुणाला वॉरफरिन किंवा ॲपिक्साबान. रक्त पातळ करणाऱ्या या गोळ्या घेणाऱ्याच्या पाठीवर ओढ दिली तर साध्या डागाऐवजी मोठी रक्ताची गाठ होऊ शकते. मधुमेहात संवेदना बोथट होते, भाजलेलं कळत नाही आणि जखम लवकर भरत नाही. म्हातारपणी कातडी कागदासारखी पातळ झालेली असते.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे: दुखणं कशाचं आहे हेच कुणी विचारलेलं नसतं. बाबांचा डावा खांदा चालताना दुखतो आणि बसलं की थांबतो, ते हृदयाचं असू शकतं. दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकार लवकर गाठतो हे आपल्याला घराघरातून माहीत आहे. खांदा हळूहळू आखडत गेला आणि हात वर जाईना, तर तो फ्रोझन शोल्डर असेल, आणि तो मधुमेह्यांत फार आढळतो. म्हणजे कपिंगआधी साखर तपासायला हवी. पाठदुखीबरोबर ताप, वजन उतरणं, रात्री झोपमोड असेल तर भारतातून आलेल्या माणसात मणक्याचा क्षयसुद्धा डॉक्टरांच्या यादीत असतो. पायांतली शक्ती जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, दोन्ही मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, यातलं काहीही झालं तर थेट इमर्जन्सीत जायचं. आपल्याला जवळचं मोठं रुग्णालय म्हणजे एपिंगचं नॉर्दर्न हॉस्पिटल. छातीत दुखतंय आणि घाम फुटलाय तर 000. दोन सेशन "करून बघू" यात जे पंधरा दिवस जातात, कपिंगची खरी किंमत ती आहे.

लहान मुलांना तर पेले लावूच नका. व्हिक्टोरियात शिक्षक, बालवाडीचे कर्मचारी, नर्स, डॉक्टर या सगळ्यांवर मुलाला शारीरिक इजा होत असल्याचा संशय आला तर कळवण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. मुलाच्या पाठीवरचे गोल डाग पाहून त्यांनी फोन केला तर ते त्यांचं काम करत असतील.

तरीही करून घ्यायचंच असेल, तर इथला कायदा तुमच्या कामाचा आहे. 'कपिंग करणारा' ही काही राखीव पदवी नाही. छोटा कोर्स केलेला कुणीही कोरडे पेले लावू शकतो. 'ॲक्युपंक्चरिस्ट' आणि 'चायनीज मेडिसिन प्रॅक्टिशनर' या पदव्या मात्र राखीव आहेत. ही नोंदणी 2012 पासून देशभर आहे; व्हिक्टोरियाने तर तिचा कायदा 2000 मध्येच केला होता. फिजिओही नोंदणीकृत असतात. आहप्राच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की नोंदणी आहे का आणि तिच्यावर काही अटी आहेत का, हे एका मिनिटात दिसतं. रेमेडियल मसाज आणि मायोथेरपीवाले या नोंदणीत येत नाहीत. त्यांना व्हिक्टोरियाची सर्वसाधारण आचारसंहिता लागू होते, आणि तक्रार हेल्थ कम्प्लेंट्स कमिशनरकडे विनाशुल्क करता येते.

त्वचेला छेद देणारा व्यवसाय सहसा काउन्सिलकडे नोंदवावा लागतो. आपल्याकडे ते ह्यूम सिटी काउन्सिल. घरातून चालणाऱ्या व्यवसायालाही ही नोंदणी चुकत नाही. त्यामुळे "आमच्या गराजमध्ये या, ताई स्वतः करतात" असं कुणी म्हणालं तर नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. प्रश्न विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडे पाठ उघडी करू नये. आणि जो तुम्हाला रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी बंद करायला सांगतो, तिथून उठून या. तसं करायला सांगण्याला ती आचारसंहिताही आडवी येते.

मग पाठीचं करायचं काय? दुखणं सहा महिन्यांच्या वर गेलं असेल आणि तुमच्याकडे मेडिकेअर असेल, तर जीपीला जुनाट आजाराच्या प्लॅनबद्दल विचारा. त्यातून वर्षाला पाचपर्यंत भेटींना, फिजिओ धरून, काही परतावा मिळतो. कित्येकांना हे माहीतच नसतं. दुसरा उपाय इतका साधा आहे, की तो सांगितल्यावर लोक हिरमुसतात: चालणं. सिडनीच्या मॅक्वायरी विद्यापीठाने कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या 701 जणांवर चाचणी केली, 2024 मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये आली. ज्यांना फिजिओच्या सल्ल्याने चालायला लावलं त्यांचं दुखणं उलटायला मध्यमान 208 दिवस लागले, बाकीच्यांचं 112 दिवसांत उलटलं. उद्दिष्ट होतं सहा महिन्यांत हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास. माल्कम क्रीकच्या काठाने पायवाट आहे, तिथे आई-बाबांनाही नेता येईल. जुलैतल्या वाऱ्यात त्यांना कानटोपी मात्र घालायला लावा, आणि सुरुवात दहा मिनिटांनी करा.